कादेशचा ‘विजय’ नक्की कुणाचा?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतलं इजिप्तच्या मंदिरांवरचं पान आवडलं, फोटो तर भारीच आलेत. फक्त अबू सिंबलच्या भिंतीवरच्या त्या रथातल्या राजाखाली ‘कादेशच्या लढाईत हिटाइट सैन्याचा धुव्वा उडवणारा रामसेस दुसरा’ अशी ओळ टाकलीये ना, ती खटकली. धुव्वाबिव्वा काही उडाला नव्हता हो. इ.स.पू. १२७४ च्या आसपासची ही लढाई, सीरियातल्या कादेश शहरासाठी इजिप्त आणि आजच्या तुर्कस्तानातलं हिटाइट साम्राज्य यांच्यात झालेली, त्यात हा गडी सापळ्यात पुरता अडकलेला, कसाबसा निभावला, कादेश काही हाती लागलं नाही आणि पुढे पंधराएक वर्षांनी हिटाइटांशी तहच करावा लागला. पण भिंतीवर बघाल तर हा एकटाच रथात धनुष्य ताणून उभा, शत्रूच्या कितीतरी पट मोठा, आणि समोर सगळी पळापळ! बरं एकदा कोरून भागलं नाही, लक्सर, कर्नाक, अबायडोस, रामेसियम, जिथं भिंत सापडली तिथं हेच. म्हणजे सरकारी जाहिरातच की ही, आणि आपण ती बातमी म्हणून छापतोय.

गंमत म्हणजे खरी गोष्ट त्याच चित्रात आहे, जरा खाली बघायला हवं. तिथं दोन हिटाइट हेरांना धरून काठ्यांनी बडवताना दाखवलंय, आणि शेजारच्या मजकुरात लिहिलंय की मार खाल्ल्यावर त्यांनी कबूल केलं, आमचं सैन्य लांब नाही, इथंच कादेशच्या मागे दबा धरून बसलंय. म्हणजे तोपर्यंत महाराजांना पत्ताच नव्हता! हे कोरायची परवानगी कशी मिळाली देव जाणे, बहुतेक खापर अधिकाऱ्यांवर फोडायचं असेल.

आणि राजाने शत्रूचे केस धरून गदा उगारलीये ही जी पोझ आहे ती तर कुठल्याच लढाईचा पुरावा म्हणून धरू नये. ती इ.स.पू. ३१०० च्या आसपासच्या नारमेर या इजिप्तच्या अगदी सुरुवातीच्या राजाच्या दगडी पाटीवर आहे आणि तीन हजार वर्षांनी एडफूच्या मंदिराच्या दर्शनी भिंतीवर इजिप्तचा राजा टॉलेमी बारावाही तश्शीच देतोय, ज्याला इ.स.पू. ५८ मध्ये देश सोडून पळावं लागलं आणि जो नंतर रोमन सैन्याच्या जिवावर गादीवर परत आला. राजा म्हटला की हे चित्र काढायचंच, संपला विषय.

कोरीवकाम अप्रतिम आहे यात वादच नाही, कारागिरांना शंभर पैकी शंभर. पण फोटोखालची ओळ लिहिताना निदान ‘रामसेसच्या दाव्यानुसार’ एवढं तरी टाका, आणि जमलं तर पुढच्या वेळी त्या मार खाणाऱ्या हेरांचा फोटो मोठा छापा, राजाचा लहान चालेल.

– एक नियमित वाचक