मृत्युपत्रात झाडांसाठी एक ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या काकांचं मृत्युपत्र करायचं चाललं आहे, त्या निमित्तानं हे पत्र. घरची गोष्ट वर्तमानपत्रात कशाला, असं घरातूनच विचारलं गेलं. पण काकांसारखी माणसं कोकणात गावोगाव आहेत. वय 84, मूलबाळ नाही, काकी जाऊन सहा वर्षं झाली. मागं 4 एकर आंब्याची बाग आणि बँकेत थोडी ठेव. वकिलांनी विचारलं, कुणाच्या नावे करायचं? काका म्हणाले, पुतण्यांचं पोटापुरतं आहे, देवळाच्या सभामंडपाला काही देऊ, बाकीचं तुम्ही सुचवा. मी म्हटलं, आंब्याची नवी जात काढायच्या कामाला द्या. सगळे गप्प झाले.

मी 31 वर्षं फळसंशोधन केंद्रांत क्षेत्र सहायक होतो. खुंट (ज्यावर कलम बांधतात ती रोपं) वाढवायचे, कोय कलमं बांधायची आणि मोहोराच्या दिवसांत साहेबांबरोबर संकराला उभं राहायचं. पहाटे शिडीवर चढून मोहोरातली दुलिंगी फुलं हेरायची, पराग फुटायच्या आत चिमट्यानं पुंकेसर काढायचे, दुसऱ्या जातीचे पराग लावायचे, वर पिशवी बांधायची आणि चिठ्ठी अडकवायची. शंभर फुलांना हात लावावा तेव्हा दोन-तीन फळं हाती लागत, कधी एकही नाही. त्या फळाची कोय रुजवायची आणि मग सात-आठ वर्षं वाट बघायची, कारण कोयीचं झाड त्याआधी मोहोरत नाही. मोहोरलं तरी पुढची दहा वर्षं फळ बघावं लागतं: साका (गरात पडणारा पांढरट, बेचव भाग) धरतो का, दरवर्षी येतं का, पेटीत टिकतं का.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी साहेबांनी कुंडीमिश्रणाचं प्रमाण वहीत उतरवून घ्यायला लावलं होतं. 7 भाग पोयटा, 3 भाग पीट (दलदलीत कुजलेला शेवाळ-पाला), 2 भाग वाळू. पीट आपल्याकडं कुठलं, म्हणून आम्ही कुजलेला पाला घालायचो. वर नाव लिहिलं होतं: 'जॉन इनेस मिश्रण'. हा कुणी गोरा माळी किंवा शास्त्रज्ञ असावा, असं मी नोकरीभर समजत होतो. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा कळलं की जॉन इनेस यातला कुणीच नव्हता. तो व्यापारी होता. भावाबरोबर जमैकातून रम आणण्याचा धंदा, आणि पुढं लंडनच्या दक्षिणेला मर्टन इथं जमिनी घेऊन त्यानं वसाहत उभी केली. रस्त्याच्या कडेनं झाडं आणि हॉली या काटेरी झाडाची कुंपणं लावायचा त्याला नाद होता. 1904 मध्ये तो वारला आणि मृत्युपत्रात त्यानं आपलं घर, बाग आणि संपत्ती लोकांसाठी उद्यान आणि बागकामाचं शिक्षण यासाठी ठेवली. त्या मृत्युपत्रातून 1910 मध्ये जॉन इनेस उद्यानविद्या संस्था उभी राहिली. आनुवंशशास्त्राचं काम करणाऱ्या जगातल्या पहिल्या काही संस्थांपैकी ती एक.

पैसा कुठून आला हेही लपवू नये. जमैकातल्या रमच्या मागं ऊसमळे होते आणि त्या मळ्यांच्या मागं गुलामांचे कष्ट होते. त्या कष्टकऱ्यांच्या नावानं मर्टनला काही उभं राहिलं नाही. देणगीचा हिशेब सांगायचा तर हीही बाजू सांगायला हवी.

संस्थेचे पहिले संचालक विल्यम बेटसन. गुण पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात हे दाखवणारा मेंडेल या धर्मगुरूचा वाटाण्यांवरचा निबंध 35 वर्षं धूळ खात पडला होता. 1900 मध्ये तो पुन्हा उजेडात आला, आणि बेटसननं इंग्लंडात त्याची दवंडी पिटली ती प्रथम विद्यापीठात नाही, तर रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या सभेत, बागाईतदारांपुढं. मेंडेलच्या निबंधाचं इंग्रजी भाषांतरही 1901 मध्ये त्याच सोसायटीनं छापलं. ज्यांचे हात रोज मातीत असतात त्यांना या शोधाचं मोल आधी कळलं, हे वाचून माझ्यासारख्याला फार बरं वाटलं.

बेटसनकडं तेव्हा ना प्रयोगशाळा ना या कामाचं पगारी पद. केंब्रिजजवळच्या घराच्या आवारात कोंबड्या आणि वाटाणे वाढवायचे, पत्नी बिअ‍ॅट्रिस मदतीला, रॉयल सोसायटीच्या एका समितीकडून थोडे पैसे, स्नेह्यांकडून थोडे. बरोबरीनं राबणाऱ्यांत न्यूनहॅम या महिला महाविद्यालयातल्या एडिथ साँडर्स आणि त्यांच्या सहकारी होत्या.

'जेनेटिक्स' या शब्दाचा जन्म तर थेट पैशाच्या पत्रातला आहे. केंब्रिजला क्विक नावाच्या गृहस्थांचा निधी आला होता. एप्रिल 1905 मध्ये बेटसननं आपले स्नेही अ‍ॅडम सेजविक यांना लिहिलं की हा निधी आनुवंशिकतेच्या अध्यापनपदासाठी वापरणार असाल तर या विषयाला नेमका शब्द नाही, नवा घडवायचाच तर 'जेनेटिक्स' चालेल. निधी मिळाला नाही. ते पद परोपजीवी जंतूंच्या अभ्यासाकडं गेलं. शब्द मात्र राहिला. पुढच्याच वर्षी, 1906 मध्ये, हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या संकरविषयक परिषदेत बेटसननं तो सगळ्यांसमोर मांडला. 1912 मध्ये केंब्रिजला या विषयाचं कायम अध्यापनपद झालं तेही एका देणगीतून, आणि देणाऱ्यानं आपलं नाव पुढं येऊ दिलं नाही.

इनेसच्या मृत्युपत्रानं बेटसनला काय दिलं, तर मुख्य म्हणजे वेळ. दर वर्षाअखेरीला 'काय निष्पन्न झालं' असं विचारणारं डोक्यावर कुणी नव्हतं. सफरचंदाचे एमएम 106, एमएम 111 हे खुंट काश्मीर-हिमाचलच्या बागाईतदारांच्या तोंडी आहेत. त्यातला पहिला 'एम' मॉलिंगचा आणि दुसरा मर्टनचा. लोकरी माव्याला दाद न देणारे खुंट काढण्यासाठी ईस्ट मॉलिंग आणि जॉन इनेस या दोन केंद्रांनी 1920 च्या दशकात काम हाती घेतलं आणि ते खुंट बागाईतदारांच्या हाती पडले दुसऱ्या महायुद्धानंतर. तीन वर्षांच्या प्रकल्पात हे कसं बसणार?

आणि ते कुंडीमिश्रण? 1930 च्या दशकात तिथल्या लॉरेन्स आणि न्यूएल यांच्या लक्षात आलं की प्रिम्युला या फुलझाडाची रोपं कुंडीत मरताहेत आणि त्यामुळं आनुवंशिकतेचे प्रयोगच बसतात. म्हणून त्यांनी माती वाफवून, खतांची मापं ठरवून नेमकं मिश्रण तयार केलं. संस्थेनं त्याची मापं जगासाठी छापून टाकली. मालकी ठेवली नाही, विक्री केली नाही. म्हणून ती मापं कोकणातल्या माझ्या वहीपर्यंत पोचली.

आपल्याकडंही हे घडलेलं आहे. 1903 च्या सुमारास हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकानं लॉर्ड कर्झनकडं 30,000 पौंड दिले. त्यातून बिहारमध्ये पुसा इथं शेतीसंशोधनाची संस्था झाली; 1 एप्रिल 1905 रोजी तिची पायाभरणी झाली. 1934 च्या भूकंपात तिथली इमारत कोसळली आणि 1936 मध्ये संस्था दिल्लीला आली. गव्हाच्या 'पुसा' जाती तिच्याच.

धनिकच लागतो असंही नाही. 1923 च्या कायद्यानं कापसाच्या गाठीमागं काही आणे उपकर बसला. त्या आण्या-आण्यातून 1924 मध्ये माटुंग्याची कापूस तंत्रप्रयोगशाळा आणि इंदूरची वनस्पती संशोधन संस्था चालू झाली. वऱ्हाड-खानदेशात कापूस पिकवणाऱ्याचाही घाम त्या आण्यांत होता.

आमच्या कोकणचे म्हणून मला सर्वांत जवळचे शंकर पुरुषोत्तम आघारकर. जन्म मालवणचा, 1884 चा. कलकत्ता विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक होते, आणि तेही पद रासबिहारी घोष या नामांकित वकिलाच्या देणगीतून निघालेलं. अभ्यासासाठी जर्मनीला गेले आणि पहिलं महायुद्ध पेटल्यामुळं तिथंच अडकले. निवृत्तीनंतर स्वस्थ न बसता 1946 मध्ये त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी चालू केली आणि आपली मिळकतही संस्थेला दिली. आज तिथं आघारकर संशोधन संस्था आहे. गहू, सोयाबीन, द्राक्षं यांच्या 'एमएसीएस' आणि 'एआरआय' नावाच्या जाती तिथल्या. एका माणसानं दिलेल्या देणगीतून दुसरा देणगीदार तयार झाला, असं मला यात दिसतं.

आता माझी सल सांगतो. जागेचं नाव लिहीत नाही, कारण माझा राग कुणा एका कार्यालयावर नाही. एका केंद्रात आम्ही हापूसच्या संकराची 214 रोपं लावली होती. प्रकल्प पाच वर्षांचा होता. पाचव्या वर्षी अहवाल गेला, 'अद्याप फळधारणा नाही' असं त्यात लिहिलं होतं आणि ते खरंच होतं. पुढचा निधी आला नाही. तरी आम्ही इकडून तिकडून पाणी घालून झाडं जगवली. आठव्या वर्षी त्या जागेवर इमारत मंजूर झाली आणि दोन दिवसांत सगळी तोड झाली. त्या हिवाळ्यात सतरा झाडांना पहिला मोहोर होता. मी तोडीवर देखरेखीला उभा होतो. साहेबांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. कागदावर सगळं नियमानं झालं. पाच वर्षांच्या पैशात आठ वर्षांचं झाड बसत नाही, एवढीच ती गोष्ट. हापूस नीलमच्या संकरातून निघालेला 'रत्ना' आंबा वेंगुर्ल्याच्या केंद्रातून 1981 मध्ये प्रसारित झाला. त्याच्यात साका होत नाही. तो आपल्या ताटात आला, कारण त्याच्या झाडांवर मधल्या वर्षांत कुऱ्हाड चालली नाही.

म्हणून काकांसारख्यांना आणि त्यांच्या वकिलांना माझी विनंती आहे. देवळाला द्या, शाळेला द्या, मीही देतो. पण एक वाटा झाडांच्या संशोधनाला ठेवा आणि तो ठेवताना निदान पंचवीस वर्षांचा विचार करा. उद्देश फार आवळून लिहू नका. इनेसच्या मृत्युपत्रात आनुवंशशास्त्र हा शब्दच नव्हता, तो शब्द तेव्हा जन्मलाच नव्हता. 'बागकाम' एवढा सैल शब्द होता, म्हणून त्यात उद्याचं शास्त्र मावलं. एक गोष्ट मात्र घट्ट लिहा: प्रयोगाचं झाड विश्वस्तांच्या ठरावाशिवाय तोडायचं नाही. आणि जे हाती येईल ते कुंडीमिश्रणासारखं सगळ्यांसाठी मोकळं ठेवा. शेतजमीन न्यासाच्या नावे करण्यात कायद्याच्या अडचणी आहेत, त्या वकील बघताहेत. कुठल्या गावात कुणी अशी व्यवस्था केली असेल तर त्यांनी आपल्या सदरात लिहावं, आम्हाला तिचा उपयोग होईल.

काकांनी परवा विचारलं, "बाळा, चार एकरात असं काय होणार आहे?" मी त्यांना बागेच्या वरच्या अंगाला नेलं. तोड झाली तेव्हा साहेबांच्या परवानगीनं मी मोहोरलेल्या सहा झाडांच्या काड्या आणल्या होत्या आणि काकांच्याच एका जुन्या रायवळावर त्यांची कलमं बांधली होती. दोन जगली. एकाचं फळ सामान्य निघालं. दुसऱ्याची फळं गेली सहा वर्षं मी कापून बघतो आहे, नोंद वहीत आहे: 143 फळं कापली, साका एकातही नाही. पण एका रायवळावरच्या एका फांदीवरून जात ठरत नाही. तिची कलमं दहा जागी, कातळावर, खाडीकाठी, घाटावर लावून बारा-पंधरा वर्षं बघावी लागतील. माझं वय 67 आहे.

काका बराच वेळ त्या फांदीकडं बघत उभे होते. मग म्हणाले, "वकिलांना सोमवारी बोलाव. आणि पाटी-बिटी काही नको." कलमांसाठी खुंट म्हणून या पावसाळ्यात मी 60 कोयी रुजत घातल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त क्षेत्र सहायक,
देवरुख, जि. रत्नागिरी