अभ्यासक्रमाच्या आखणीत ऊसतोडीचे महिने धरा

महोदय,

राज्याचा शालेय अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलत असताना पुस्तके कोणती आणि शाळा कधी भरवायची यावर पुष्कळ चर्चा झाली. आशयाच्या क्रमाविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. तात्त्विक, मानसशास्त्रीय आणि सामाजिक हे अभ्यासक्रमाचे पाये आम्ही डी.एड.ला पाठ केले. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात शिकवताना त्यांतला सामाजिक पायाच, म्हणजे मुलांच्या घरच्या जगण्याचा विचारच, सर्वांत कच्चा राहिल्याचे मला सतत जाणवले.

ऊसतोडीसाठी मजूर जमवणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडासह साखर कारखान्याकडे निघतात, ती पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच परततात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावात राहतात हे खरे, पण धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरल्या मुलीला सोबत नेलेच जाते. अशीच पाचवीतली एक मुलगी चैत्रात वर्गात आली, तेव्हा फळ्यावर भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज होती. ती मान खाली घालून बसली. मधल्या सुट्टीत मी तिला तोडीचे विचारले, तर गाडीत किती टन भरले, टनाला काय भाव मिळाला आणि उचलीतून किती फिटले, हा सगळा हिशेब तिने बोटांवर करून दाखवला. समच्छेद करण्याचा धडा ती फडात असताना होऊन गेला होता आणि आमच्या वार्षिक नियोजनात त्याकडे पुन्हा वळायला जागा नव्हती.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ साली अभ्यासक्रमापुढे ठेवलेल्या चार प्रश्नांपैकी एक, अध्ययन-अनुभवांची रचना कशी करावी, हा आहे. विषयकेंद्री, म्हणजे विषयातले घटक एकामागून एक उरकत जाणाऱ्या मांडणीत धडा एकदा सुटला की सुटलाच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी १९६० साली मांडलेल्या सर्पिल रचनेत तीच संकल्पना पुन्हापुन्हा, दर वेळी थोडी वरच्या पातळीवर येते. मधले पाच महिने हुकलेल्या मुलाला तिथे परत शिरायला वाट मिळते. लवचीकतेचे तत्त्व प्रत्येक आराखड्यात लिहिलेले असते, ते नेमके इथे वापरायला हवे.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने स्थलांतराच्या तालुक्यांतील शाळांना भाषा व गणिताचे मूलभूत घटक दसऱ्यापूर्वी घेण्याची, पट्टा पडल्यानंतर तेच घटक पुन्हा हाताळण्याची आणि मूल्यमापनही त्याप्रमाणे करण्याची लेखी मुभा द्यावी. घटकांचा क्रम ठरवताना बीड, धाराशिव, परभणीकडील वर्गशिक्षकांना अभ्यासगटात बसवावे.

– एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, जि. बीड