ताईचे डोळे वाचवणाऱ्या अनोळखी माणसांचे आभार

सर्वात आधी आभार त्या तरुण निवासी डॉक्टरबाईंचे, ज्यांनी थांबून विचार केला. ताईचे दोन्ही डोळे एकदम लाल झाले होते, लांबचं धूसर दिसत होतं, आतला दाब प्रचंड वाढला होता. डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याचा कोन बंद होऊन येणाऱ्या काचबिंदूत परितारिकेला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला, लेसरने छिद्र पाडतात, त्याचीच आमची तयारी होती. ‘दोन्ही डोळे एकाच वेळी? आधी यूबीएम करू,’ त्या म्हणाल्या.

ती तपासणी करणाऱ्या ताईंनाही नमस्कार. यूबीएम म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागाची अतिसूक्ष्म सोनोग्राफी. ओसीटी या प्रकाशाने डोळा तपासणाऱ्या यंत्राचा प्रकाश परितारिकेच्या रंगद्रव्याशी अडतो, या ध्वनिलहरी मात्र तिच्या मागचंही दाखवतात. कळवळणाऱ्या ताईला त्यांनी इतक्या मायेनं सांभाळलं! पडद्यावर दिसलं ते असं: सिलिअरी बॉडी (परितारिकेच्या मागची, डोळ्यातलं पाणी तयार करणारी कडी) सुजून पुढे वळलेली, तिच्याभोवती द्रव साचलेला, भिंग आणि परितारिका दोन्ही पुढे ढकललेली. इथे लेसरचा उपयोगच नव्हता.

मग आमच्या औषधवाल्या काकांनी रात्री दुकान उघडून जुनी बिलं शोधली. अर्धशिशीसाठी नुकतीच सुरू झालेली टोपिरामेट ही गोळी त्यांतच सापडली; डोळ्यांतली सूज तिच्यामुळेच होती. डॉक्टरांनी ती लगेच बंद केली, बाहुली मोठी करणारे आणि दाब उतरवणारे थेंब दिले. ताईला आता स्वच्छ दिसतं.

रांगेतला आपला नंबर आम्हाला देणारे आजोबा, तुमचेही खूप खूप आभार.