साठ कप्पे आणि एक गाळा हवा आहे

ठाणे स्टेशन पश्चिम, जांभळी नाका, गोखले रोड आणि राम मारुती रोड भागातले सर्व दुकानदार, गाळेधारक, हॉटेलवाले, डॉक्टर मंडळी आणि रहिवासी यांना आपल्या व्यापारी मंडळाचा सप्रेम नमस्कार. रात्री आपल्या दुकानांच्या ओट्यांवर झोपणाऱ्या माणसांसाठी कुलपाचे कप्पे असलेलं एक सामानघर काढायचं आहे, त्यासाठी हे पत्र.

गेल्या महिन्यात आपल्या एका सभासदाने सकाळी दुकान उघडताना शटरला टेकवून ठेवलेलं एक गाठोडं उचललं आणि समोर उभ्या असलेल्या कचऱ्याच्या गाडीत टाकलं. रोजचाच वैताग होता, त्यामुळे त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. दुपारी गाठोड्याचा धनी आला. गवंडीकाम करणारा माणूस. गाठोड्यात दोन शर्ट, थापी, ओळंबा, प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड आणि बायकोच्या एक्स-रेचं पाकीट होतं. तो भांडला नाही. "शेठ, ती गाडी कुठे रिकामी होते?" एवढंच त्याने विचारलं. आपला सभासद त्याला स्कूटरवर मागे बसवून शोधायला गेला. दीड तास हिंडले, काही सापडलं नाही. पुढचा आठवडाभर तो माणूस नाक्यावर उभा राहिला, पण हातात थापी नसलेल्याला मिस्त्रीचा रोज कोण देणार? बिगाऱ्याच्या रोजावर घमेली उचलली त्याने.

हा प्रसंग मेच्या सर्वसाधारण सभेत त्या सभासदाने स्वतःच सांगितला. सांगताना त्याने आपली बाजूही सोडली नाही, आणि ती बाजू आम्हाला इथे लपवायची नाही. रोज सकाळी ओटा धुवायला अर्धा तास जातो. फिनाईल, पाणी, पोऱ्याची चिडचिड. बोहनीच्या वेळी साडी बघायला आलेल्या बाई पायरीशी घुटमळतात आणि पुढच्या दुकानात जातात. भिंतीच्या कोपऱ्याला लघवीचा वास येतो तो येतोच. संध्याकाळी एकट्या येणाऱ्या मुली गल्लीतून न येता वळसा घेतात. दुकान भाड्याने द्यायला काढलं तर आलेला माणूस आधी ओट्याकडे बघतो आणि मग भाव पाडून मागतो. गल्ल्यावर बसणाऱ्याला हे आकडे कुणी समजावून द्यावे लागत नाहीत.

पण हिशोबच करायचा तर पुरता करू. धंदा उतरला याचं सगळं खापर ओट्यावर झोपणाऱ्यावर फोडणं सोपं आहे. गिऱ्हाईक घोडबंदर रोडच्या मॉलला गेलं ते तिथे गाडी लावायला जागा आहे म्हणून. निम्मं गिऱ्हाईक मोबाइलवर खरेदी करतं. स्टेशनासमोरच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडवत नाही. आपल्या गिऱ्हाइकांना विचारा, ते आधी पार्किंग म्हणतील, मग फूटपाथ म्हणतील, मग स्वच्छतागृह म्हणतील. ओट्यावरचा माणूस यादीत आहे, पण पहिला नाही.

आणि तो कोण आहे, हेही आपण कधी नीट विचारलं नव्हतं. सभेनंतर मंडळाच्या पाच जणांनी तीन रात्री फिरून, चहा पीत, लोकांशी बोलून घेतलं. याला सर्वेक्षण वगैरे म्हणायचं नाही, नुसत्या गप्पा. आम्हाला वाटत होतं भिकारी आणि गर्दुल्ले असतील. तेही होते. पण जास्त करून होते ते आपलेच लोक. मंडईत माल उतरवणारे हमाल: गाड्या पहाटे लागतात, दिव्याला किंवा मुंब्र्याला खोली घेतली तर त्या वेळेला पोचणार कसे? लग्नाच्या हॉलमधले वाढपी: पंगत उठून भांडी आवरेपर्यंत शेवटची लोकल गेलेली असते. हॉटेलच्या भटारखान्यातली दोन पोरं, ज्यांना मालक दिवसा ठेवतो आणि रात्री शटर ओढतो (तो मालकही आपला सभासद आहे, सभेला हजर होता, गप्प बसून होता). भंगार वेचणाऱ्या बायका. मुलाने घराबाहेर काढलेले एक आजोबा. आणि एक बाई, जी स्वतःशीच बोलते आणि कुणालाच नाव सांगत नाही.

म्हणजे पहाटे माल उतरवणारा, दुपारी आपला पार्सल-बोजा वाहणारा आणि रात्री ओट्यावर झोपणारा, यातले बरेच एकच आहेत. त्यांना हाकललं तर सकाळची भाजी कोण उतरवेल, हा प्रश्न मंडईतल्या सभासदांनी विचारला तेव्हा सभा थोडा वेळ शांत झाली.

हाकलण्याचे प्रयोग आपण केले आहेत, त्याचाही जमाखर्च द्यायला हवा. मंडळाने रात्रीसाठी दोन राखणदार ठेवले, त्यांचा पगार महिन्याला ३२,००० रुपये. दोन वर्षांपूर्वी काही ओट्यांवर लोखंडी टोकेरी जाळ्या बसवल्या. झोपणारे उठले आणि दहा फुटांवर, जाळी नसलेल्या दुकानापुढे झोपले. त्या दुकानदाराने मंडळाशी वर्षभर बोलणं टाकलं. दिवाळीच्या गर्दीत एका आजींची पोटरी जाळीला लागून फाटली, टाके पडले, त्याचा खर्च मंडळाने दिला. जाळ्या आता काढल्या आहेत. भंगाराचे जे आले ते पावतीसह वहीत आहेत.

कारवाई करा, भीक मागण्याविरुद्धचा कायदा आहे, असं काहीजण म्हणाले. कायदा आहे, १९५९ सालचा. पण हमाल, गवंडी, वाढपी हे भीक मागत नाहीत, त्यांना तो लागूच होत नाही. फूटपाथवर राहणाऱ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा निकाल मुंबईच्याच प्रकरणातला आहे: पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग, असं त्यात म्हटलं आहे. हटवायला बंदी केलेली नाही, पण नोटीस न देता हटवू नका, असंही सांगितलं आहे. एका सभासदाचा भाचा अमेरिकेत असतो, त्याच्याकडून डेन्व्हर शहराची गोष्ट कळली. तिथे रस्ता, तुरुंग, पुन्हा रस्ता असं वर्षानुवर्षं फिरणाऱ्या लोकांना २०१६ पासून सरळ घर आणि सोबत मदतनीस दिला. ज्यांना घर मिळालं आणि ज्यांना मिळालं नाही, अशांची तुलना झाली. घर मिळालेल्यांचा पोलिसांशी येणारा संबंध ३४ टक्क्यांनी कमी झाला. पोलीस, तुरुंग, अँब्युलन्स यांवरचा वाचलेला पैसा धरला तर घरांवरच्या खर्चापैकी निम्म्याच्या आसपास भरून निघाला. व्यापारी नजरेने सांगायचं तर निम्मा पदरचा गेलाच. फुकट काहीच झालं नाही. पण आपले ३२,००० दर महिन्याला पूर्णच जातात, त्यातलं काही भरून येत नाही.

घर देणं आपल्या कुवतीतलं नाही. निवारा चालवणं हे महापालिकेचं काम. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घालून दिलेला निकष असा की दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची, बारा महिने चोवीस तास उघड्या निवाऱ्याची सोय हवी. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका हद्दीची लोकसंख्या १८.४१ लाख होती. त्रैराशिक न मांडताही १,८०० च्या वर जागा होतात, आणि शहर तेव्हापेक्षा कितीतरी वाढलं आहे. त्यासाठीचं निवेदन तयार आहे. स्टेशनापासून चालत जाता येईल असा निवारा हवा, तो पहाटे निघणाऱ्या आणि मध्यरात्रीनंतर येणाऱ्यासाठी उघडा हवा, एवढंच त्यात मागितलं आहे. त्यावर आपली सही हवी आहे.

आपण काय करू शकतो, ते त्या तीन रात्रींतच सापडलं. "तुम्हाला काय हवं?" असं विचारल्यावर पैसे मागणारे थोडे. बहुतेकांनी सांगितलं: सामान ठेवायला जागा. गाठोडं सोडून कामाला जाता येत नाही, गाठोडं घेऊन काम मिळत नाही. चोरी होते, पावसात भिजतं, गाडीत जातं. आधार गेलं की खोली नाही, बँक नाही, दवाखान्यातली योजना नाही. खोली म्हटली की डिपॉझिट आलं, कागद आले, पोलीस पडताळणी आली. कागद नाही म्हणून खोली नाही, आणि खोली नाही म्हणून कागद टिकत नाही.

म्हणून मंडळाने ठरवलं आहे: स्टेशन परिसरात एक सामानघर काढायचं. कुलूप लावता येईल असे साठ कप्पे. रोजची आंघोळ, जवळच्या सार्वजनिक स्नानगृहात, कुपनावर. आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी कागदपत्रांचं टेबल.

टेबलाबद्दल थोडं सविस्तर, कारण सभेत यावर सगळ्यात जास्त शंका आल्या. रस्त्यावरच्या माणसाला पत्ता नाही तर कागद कसा निघणार? निघतो. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र आधारसाठी चालतं. मतदारयादीत नाव घालायचं तर बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही. नमुना ६ मध्ये जिथे झोपतो ती जागा लिहायची, मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते एकाहून जास्त रात्री बघून जातो. हे वाचून आम्हीही चकित झालो. आमच्या खजिनदारांचं म्हणणं असं की माणूस मतदार झाला की नगरसेवकाला आपोआप दिसायला लागतो. ज्यांना हातगाडी टाकायची आहे त्यांना फेरीवाला म्हणून नोंदणी आणि स्वनिधी योजनेचं कर्ज यांची माहिती देऊ. अर्थात फेरीवाला हा शब्द उच्चारताच काही सभासदांच्या कपाळावर आठ्या येतील, याची कल्पना आहे. त्यावर वेगळी सभा घेऊ.

आता त्या स्वतःशीच बोलणाऱ्या, नाव न सांगणाऱ्या बाईंबद्दल. अशा व्यक्तीला हुसकावू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०० आहे. भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात दाखवायची जबाबदारी पोलिसांवर आहे. आपल्या ठाण्याचं मनोरुग्णालय तर १९०१ पासूनचं. आपण फक्त पोलिसांना कळवायचं आणि गाडी येईपर्यंत कुणीतरी एका बाईमाणसाने सोबत बसायचं. तशा चार भगिनींची नावं हवी आहेत.

आता पैसे. दोन राखणदार हेच सामानघराचे दोन पाळ्यांतले सांभाळणारे होतील, दोघेही तयार आहेत (एकजण तर म्हणाला, काठी आपटण्यापेक्षा बरं). म्हणजे ३२,००० चा भार नवा नाही. वरचा महिन्याचा खर्च: साठ माणसांची आंघोळ रोजी १० रुपयांप्रमाणे १८,०००, वीज आणि साफसफाई ५,०००, झेरॉक्स, फोटो, दवाखान्याची रिक्षा ५,०००. एकूण २८,०००. मंडळाचे सभासद १४०. दर दुकानामागे महिन्याला २०० रुपये, अकरा महिने. कपाटांसाठी, रंगासाठी आणि वीजजोडणीसाठी एकदाच दीड लाख लागतील. ते सभासदांकडून न घेता रहिवासी आणि सोसायट्यांकडून गोळा करायचे आहेत.

वस्तूही चालतील, किंबहुना आधी वस्तूच द्या. ऑफिसं बंद होतात तेव्हा बारा-बारा दारांची लोखंडी कपाटं भंगारात जातात. तशी पाच मिळाली की साठ कप्पे झाले. किल्ल्या हरवल्या असतील तरी हरकत नाही. पत्रा गंजून भोक पडलेलं कपाट मात्र नको. जुने कपडे कृपा करून देऊ नका. कपडे ठेवायला जागा नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप.

सगळ्यात अडलंय ते गाळ्यावाचून. तळमजल्यावरची दोनशे चौरस फुटांच्या आसपासची जागा, अकरा महिन्यांसाठी, विनाभाडं किंवा नाममात्र भाड्याने. परिसरात बरेच गाळे पुनर्विकासाच्या वाटेवर रिकामे पडून आहेत. करार रीतसर होईल, जागा सोडायची तारीख करारात असेल, आणि मंडळाचे तीन पदाधिकारी स्वतः हमी राहतील.

"सोय केली की आणखी येतील" ही भीती सभेत बोलून दाखवली गेली. ती खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी इथे येऊन थांबली, तेव्हापासून माणसं इथे कामासाठी उतरतातच. कुणी कप्प्यासाठी ठाण्याला येईल असं वाटत नाही. तरीही कप्पे साठच राहतील, त्यावर एक नाही. नवव्या महिन्यात वही सभेपुढे ठेवू: किती ओटे सकाळी कोरडे मिळाले, किती जणांचे कागद झाले, किती जण खोलीवर गेले, किती कप्प्यांत दारू सापडली. पटलं नाही तर मतदानाने बंद करू.

घाई दोन कारणांनी आहे. पाऊस तोंडावर आला आहे, आणि पावसात कोरडी जागा म्हणजे आपल्या छपराखालचा ओटाच, तेव्हा भांडणं दुप्पट होतात. दुसरं, ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे. २९ किलोमीटर, २२ स्थानकं, त्यातलं एक इथे स्टेशनापाशी जमिनीखाली. खोदकाम, पत्रे, वळवलेले रस्ते, हे सगळं येणार. फूटपाथ अरुंद होईल तेव्हा गिऱ्हाईक, हमाल आणि झोपलेला माणूस एकाच तीन फुटांत येतील.

मंडळाच्या कार्यालयात, मंगळवार सोडून रोज संध्याकाळी सहा ते नऊ, निवेदनाचे कागद सहीसाठी ठेवले आहेत. गाळ्याबद्दल बोलायचं असेल तर चिटणीसांना एकट्याला गाठलं तरी चालेल, नाव बाहेर जाणार नाही. कपाट द्यायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, हमाल आणि हातगाडी आम्ही पाठवू, हमाली मंडळ देईल. रोख देणाऱ्यांनी मंडळाच्या छापील पावतीपुस्तकावरचीच पावती घ्यावी. बाजारात आमच्या नावाने डबा फिरवायला कुणालाही सांगितलेलं नाही.

आपले,
कार्यकारिणी सदस्य, व्यापारी मंडळ
ठाणे (पश्चिम)

ता. क.: त्या गवंड्याला थापी आणि ओळंबा मंडळाने घेऊन दिला आहे. एक्स-रेची प्रत मिळवायची खटपट चालू आहे. दवाखान्यात कुणाची ओळख असेल तर कळवा.