सॉफ्टवेअर गोल गोल फिरतंय म्हणून लगेच नवा सर्व्हर?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या उद्योगाच्या पानावर संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, बिडकीनला कोणती कंपनी येणार, किती कोटी घालणार, किती पोरांना काम मिळणार हे नेहमी वाचतो आणि वाचून बरंही वाटतं. पण ज्या कंपन्या आधीच इथं आहेत, म्हणजे 1985 ला बजाजचा वाळूजचा प्लांट आला आणि त्याच्या मागं मागं जी छोटी-मोठी कारखानदारी उभी राहिली, तिच्या डिझाइन ऑफिसात लोक दिवसभर कशाशी झुंजायलेत यावर कुणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र, ड्रॉइंग सांभाळणारं सॉफ्टवेअर स्लो का होतं यावर. विषय कोरडा आहे पण पैशाचा आहे, जागा द्याल अशी आशा.

आमच्या इकडं आता बऱ्याच ठिकाणी पीडीएम (प्रॉडक्ट डेटा मॅनेजमेंट) आलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, पार्टचं थ्रीडी मॉडेल, ड्रॉइंग, बीओएम (कोणते पार्ट किती लागतात त्याची यादी), कोणती रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) चालू आहे, बदल कुणी मागितला, कुणी पास केला, हे सगळं एका ठिकाणी ठेवणारं सॉफ्टवेअर. टीमसेंटर, विंडचिल, सॉलिडवर्क्स पीडीएम, एनोव्हिया अशी नावं आहेत, आमच्याकडं कोणतं आहे ते सांगत नाही कारण मी जे सांगणार आहे त्यात नावाचा काही संबंध नाही. सगळ्यांची पोटातली रचना साधारण सारखीच. एक डेटाबेस असतो, त्यात माहिती राहते. एक वॉल्ट असतो, त्यात फाइली राहतात. मधी एक सर्व्हर असतो जो विचारतो की या माणसाला हे बघायचा अधिकार आहे का. आणि टोकाला आपला डिझायनर, माउस धरून बसलेला.

आता हे स्लो झालं की काय होतं? लोकांना वाटतं वेळ वाया जातो, बस. तेवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. ड्रॉइंग उघडायला तीन-चार मिनिटं लागायला लागली की माणूस दुसरा रस्ता शोधतो. डेस्कटॉपवर एक फोल्डर तयार होतं, त्याचं नाव ‘फायनल’, मग ‘फायनल नवीन’, मग ‘फायनल नवीन 2’. टूल रूमवाला व्हॉट्सअपवर पीडीएफ मागवतो. पेनड्राइव्ह फिरतो. आणि मग एक दिवस सिस्टिममध्ये रिव्हिजन डी चालू असताना मशीनवर सी लावून अख्खी बॅच निघते, होलचा डाया बदललेला असतो, माल कस्टमरकडून परत येतो, एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय लिहायचा ठरलेला नमुना) लिहायला क्वालिटीवाला बसतो आणि त्यात मूळ कारण म्हणून ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ असं लिहितो. ऑपरेटर बिचाऱ्याला जे ड्रॉइंग दिलं ते त्यानं लावलं! आयएटीएफच्या (गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांसाठीचं क्वालिटीचं मानक) ऑडिटला जुन्या ड्रॉइंगवर बोट ठेवतात तेव्हा त्याच्या मागं गोल गोल फिरणारं ते चक्र असतं हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

मग तक्रार मालकापर्यंत जाते, मालक हार्डवेअरवाल्याला फोन लावतो, आणि दोन दिवसात कोटेशन येतं. नवा सर्व्हर, डबल रॅम, जास्त कोअर, लाइन 50 एमबीपीएसची 200 करा. मालक म्हणतो घ्या बाबा एकदाचं. घेतात. आठवडाभर सगळ्यांना फास्ट वाटतं (नवीन गोष्ट फास्टच वाटते) आणि मग पुन्हा तेच रडगाणं. हे मी आमच्या एमआयडीसीत इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ऐकायलाही कंटाळा येतो. तापाला औषध देण्याआधी डॉक्टर निदान थर्मामीटर तरी लावतो, इथं तेवढंही कुणी करत नाही.

मोजायला काही लई मोठं लागत नाही. एक ठरलेली असेंब्ली (बरेच पार्ट जोडून झालेलं मॉडेल) घ्या, रोज तीच. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. ती एकदा सर्व्हरच्याच शेजारच्या मशीनवरून उघडा, एकदा डिझाइनच्या टेबलावरून, एकदा दुसऱ्या प्लांटवरून. सकाळी एकदा, पहिली पाळी सुटून दुसरी लागते तेव्हा एकदा, रात्री सगळे गेल्यावर एकदा. आणि उघडणं वेगळं मोजा, सर्च वेगळं, चेक-इन (बदललेली फाइल परत वॉल्टमध्ये ठेवणं) वेगळं, कारण तिन्हीचे आजार वेगळे असतात. आकडे कागदावर लिहा. सरासरी काढून गप्प बसू नका, शंभरातल्या सगळ्यात वाईट पाच वेळा किती लागला तेही बघा, कारण शिव्या त्या पाचालाच बसतात. एवढा कागद हातात आला की अर्धं निदान झालं. सर्व्हरजवळ फास्ट आणि लांबून स्लो असेल तर दोष नेटवर्कच्या बाजूला. सगळीकडून सारखंच स्लो असेल तर डेटाबेस नाहीतर सर्व्हर. फक्त ठरावीक वेळेलाच स्लो असेल तर त्या वेळेला दुसरं काहीतरी चालू असतं, ते शोधा.

नेटवर्कचं जरा नीट सांगतो कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात. समजा सर्व्हर जर्मनीत पॅरेंट कंपनीकडं आहे आणि आपण वाळूजमध्ये बसलोय. एक प्रश्न जाऊन उत्तर यायला दीडशे मिलिसेकंदाच्या आसपास लागतात, लाइन कितीही जाड घ्या, फायबरमधला उजेड सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटरच धावतो, त्याला कुणाचा बाप पळवू शकत नाही. आता असेंब्लीत 1500 पार्ट आहेत आणि सॉफ्टवेअर किंवा त्यावर आपण करून घेतलेलं कस्टमायझेशन दर पार्टमागं एकेक प्रश्न विचारतंय. 1500 गुणिले दीडशे मिलिसेकंद, झाले 225 सेकंद, पावणेचार मिनिटं. तेच सर्व्हर जर त्याच बिल्डिंगमध्ये असता, अर्ध्या मिलिसेकंदावर, तर एका सेकंदाच्या आत काम झालं असतं. म्हणून ते कस्टमायझेशन ज्यानं लिहिलं त्याला टेस्टिंगच्या वेळी काही कळत नाही, त्याच्या टेबलावर ते फास्टच चालतं! इथं लाइन 50 ची 200 केली तरी पावणेचार मिनिटं ती पावणेचारच राहणार. इलाज एकच, प्रश्न कमी करा, असेंब्लीची अख्खी लेव्हल (एका थरातले सगळे पार्ट) एका प्रश्नात मागा.

फाइलींचं मात्र उलटं. 200 एमबीची असेंब्ली 50 एमबीपीएसच्या लाइनवरून यायची म्हणलं तर लाइन अख्खी मोकळी असली तरी 32 सेकंद जाणारच (एक एमबी म्हणजे 8 मेगाबिट, लाइन मोजतात मेगाबिटमध्ये), तिथं जाड लाइन कामाला येते. पण त्याहून बरा उपाय म्हणजे प्लांटमध्येच फाइल कॅशे नाहीतर रेप्लिका वॉल्ट (फाइलींची जवळची प्रत) ठेवायचा, की एकदा आलेली फाइल पुन्हा समुद्र ओलांडून येत नाही. ही सोय मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये असतेच, सेटअप करायचा राहून गेलेला असतो.

आता सर्च. आमच्या इथला एक डिझायनर कायम स्टार ब्रॅकेट स्टार (*bracket*, स्टार म्हणजे तिथं कोणतीही अक्षरं चालतील) असं टाकून शोधायचा. मी म्हणलं, भाऊ, कामून असं करतो, पार्ट नंबर तर तुला तोंडपाठ आहे. तो म्हणाला, सर, असं टाकलं की सगळंच येतं. येतं, पण सुरुवातीलाच स्टार लावला की डेटाबेसला इंडेक्स (पुस्तकाच्या मागच्या सूचीसारखी यादी) वापरता येत नाही, तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अख्खं टेबल वाचत बसतो, आणि असे दहा जण एका वेळी करायला लागले की बाकीच्यांचं साधं चेक-इन अडकतं. पार्ट नंबरची सुरुवातीची अक्षरं टाकून मग स्टार लावायचा, एवढं जरी सगळ्यांना शिकवलं तरी फरक दिसतो, रुपया लागत नाही.

डेटाबेस स्वतः कशासाठी थांबलाय हे सांगत असतो, आपण विचारत नाही. एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) असेल तर त्यात वेट स्टॅट्स (कशासाठी किती थांबला त्याचा हिशेब) बघा. पेजआयओलॅच वर आलं तर तो डिस्कवरून वाचायची वाट बघतोय, एलसीके दिसलं तर कुणीतरी लॉक धरून बसलंय, म्हणजे तीच माहिती दुसऱ्याला वापरू देत नाही. ओरॅकल हा दुसरा डेटाबेस, तो वापरणाऱ्यांना असाच हिशेब देणारा एडब्ल्यूआर रिपोर्ट आहे, पण त्याचं लायसन वेगळं लागतं ते आधी बघा. लॉकवाल्या केसमध्ये बहुतेक वेळा सापडतं काय, तर पर्चेस नाहीतर प्लॅनिंगमधल्या कुणीतरी एक्सेलचा मॅक्रो थेट डेटाबेसला जोडून दिलेला असतो, तो भर कामाच्या वेळेला अख्खा बीओएम ओढतो. त्या माणसावर ओरडू नका, त्याला ती माहिती खरंच लागते, त्याला रात्री तयार होणारा रिपोर्ट द्या. दुसरं म्हणजे स्टॅटिस्टिक्स, टेबलात किती आणि कसा डेटा आहे याचा डेटाबेसनं बांधून ठेवलेला अंदाज. टेबल दहापट वाढलं तरी डेटाबेस जुन्या अंदाजावरच रस्ता ठरवत असतो आणि काल फास्ट असलेली क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) आज अचानक कूर्मगतीनं चालते. स्टॅटिस्टिक्स अपडेट करायचा जॉब रात्री लावलेला आहे का, लावला असेल तर तो खरंच चालतो का का महिनोन्महिने फेल होतोय, एवढं उठून बघा.

छोट्या कारखानदारांसाठी एक खास. बऱ्याच जणांकडं एसक्यूएल सर्व्हरची फुकटची एक्सप्रेस आवृत्ती असते. 2022 पर्यंतच्या एक्सप्रेसमध्ये एक डेटाबेस 10 जीबीच्या वर जात नाही, डेटा मेमरीत धरायला ती 1.4 जीबीच्या आसपासच रॅम घेते आणि चारपेक्षा जास्त कोअर वापरत नाही. आता त्या मशीनला 64 जीबी रॅम टाकून दिली तर ती कुणासाठी? हे कोटेशन देणाऱ्याला माहीत नसतं असं मला वाटत नाही, जाऊ द्या. पैसे देऊन घेतलेल्या आवृत्तीचं दुसरंच, तिला मेमरीची मर्यादा घालून दिली नाही तर मिळेल तेवढी रॅम ती खाते आणि त्याच मशीनवर पीडीएमचा सर्व्हर असेल तर तो उपाशी मरतो.

अजून काही फुकटातल्या गोष्टी असतात. विंडोज सर्व्हरचा पॉवर प्लॅन आल्या आल्या ‘बॅलन्स्ड’वर असतो, म्हणजे तुम्ही महागाचा प्रोसेसर घेतला आणि तो वीज वाचवायलाय. व्हर्च्युअल मशीनवर (एका मशीनच्या आत सॉफ्टवेअरनं बनवलेला सर्व्हर) अपग्रेडच्या वेळी घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) तसाच महिनोन्महिने पडलेला असतो, असं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर स्वतः सांगते की 72 तासांच्या वर ठेवू नका, त्यानं डिस्क मंद होते. आणि अँटिव्हायरस! 1500 पार्टची असेंब्ली म्हणजे 1500 फाइली, प्रत्येक फाइल येताना तपासली जाते, सर्व्हरवर एकदा आणि डिझायनरच्या मशीनवर परत एकदा. वॉल्टचं आणि लोकल कॅशेचं फोल्डर, डेटाबेसच्या फाइली यांना लाइव्ह स्कॅनमधून सूट द्यायची पद्धत सॉफ्टवेअरवाल्यांच्या कागदातच दिलेली असते. तेवढीच सूट द्या, अन् रात्रीचं स्कॅन चालू ठेवा. अँटिव्हायरसच काढून टाकणारे महाभागही मी पाहिलेत, रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर ड्रॉइंगसकट कंपनी जाईल हे त्यांना कोण सांगणार.

कस्टमायझेशनबद्दल जरा कडू बोलतो. दर वर्षी कुणीतरी साहेब म्हणतो, चेक-इन करताना हेही तपासा, तेही भरा, याला मेल जाऊ द्या, त्याचं पीडीएफ तयार होऊ द्या. प्रत्येक गोष्ट एकटी बघितली तर वाजवीच असते. पण पाच वर्षांनी एका चेक-इनच्या मागं इतकं काही पळतं की ज्यानं लिहिलं तोही नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो आणि हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. यातलं मेल, पीडीएफ असलं काम माणसाला थांबवून करायची काय गरज? ते मागं रांगेत टाका, दोन मिनिटांनी झालं तरी कुणाचं बिघडत नाही. अधिकारांचे नियमही तसेच, एकेका पार्टसाठी नियमांचं अख्खं झाड वरून खालपर्यंत तपासलं जातं, मेलेले ग्रुप आणि बंद पडलेल्या प्रोजेक्टचे नियम काढले तर सिस्टिमला श्वास घेता येतो.

एक मात्र पाळा, एका वेळी एकच बदल करा आणि तीच असेंब्ली तेच स्टॉपवॉच लावून परत मोजा. शनिवारी रात्री पाच गोष्टी एकदम बदलल्या की सोमवारी कशानं फरक पडला ते कळत नाही आणि काही बिघडलं तर कशानं बिघडलं तेही कळत नाही. आणि हे सगळं आधी टेस्टच्या सिस्टिमवर, चालू सिस्टिमवर नाही.

सर्व्हर कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. वेट स्टॅट्स बघून, क्वेरी सुधारूनही डिस्कच कमी पडत असेल तर एसएसडी घ्या, खुशाल घ्या. कॅडची (थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरची) बरीच कामं एकाच कोअरवर चालतात तेव्हा डिझायनरला 16 कोअरपेक्षा जास्त क्लॉकचा (वेगाचा) प्रोसेसर लाभतो, हेही घेताना विचारा. आमच्याकडं इंटरव्ह्यूला येणारी पोरं मॉडेलिंग छान करतात, दुसरी पोरं डेटाबेस छान सांगतात, पण दोन्हीच्या मधी उभं राहून हे असं शोधून काढणारा माणूस मिळत नाही. संभाजीनगर, नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून एखाद्या कारखान्यातली अशी स्लो सिस्टिम पोरांना मोजायला दिली तर कारखानदार खुशीनं आत घेतील, निदान आम्ही तरी घेऊ.

आणि तोपर्यंत ज्या मालकांच्या टेबलावर आत्ता या घडीला नव्या सर्व्हरचं कोटेशन पडलंय त्यांनी सही करण्याआधी त्यावर एक ओळ लिहून मागावी: आमची अमुक असेंब्ली आज इतक्या सेकंदात उघडते, तुमचं मशीन लावल्यावर किती सेकंदात उघडेल, आणि नाही उघडली तर परत नेणार का. बघा किती जण लिहून देतात.

आपला,
एक वाचक
बजाजनगर, वाळूज