हायडेलबर्गहून नागावला

हायडेलबर्ग, जर्मनी, 8 फेब्रुवारी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमचा काळजीचा सूर ऐकला की सांगायचं तेच राहून जातं, म्हणून लिहिते. मी मजेत आहे, दोन्ही वेळ जेवते. आणि बाबा, मी रात्री डोंगरावर एकटी कुडकुडत उभी नसते. दुर्बीण आहे चिलीच्या वाळवंटात, मी इथे उबदार खोलीत संगणकासमोर.

इथलं खिडक्यांचं प्रकरण आई तुला सांगायलाच हवं. बाहेर बर्फ असलं तरी सकाळ-संध्याकाळ हीटर बंद करून सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि मग घट्ट लावायच्या. जराशी फट ठेवून भागत नाही, भिंती गार पडतात. हे भाडेकरारात लिहिलंय. घरमालकीणबाई पहिल्याच आठवड्यात स्वतः येऊन दाखवून गेल्या. घरं इतकी बंदिस्त की भाताच्या वाफेची, आंघोळीची ओल भिंतीला धरते आणि बुरशी येते. पावसाळ्यात आपल्या चपलांवर येते ना, तीच. दिवसभर दार उघडं असणाऱ्या घरातून आले मी, पण आता न चुकता करते.

आजीला सांगा, माझं काम लोकांना समजवायला तिचीच गोष्ट उपयोगी पडते. आधारवर तिचा जन्म 1 जानेवारी 1945, तोही कुणीतरी अंदाजाने घातलेला. पण रामदास बोट बुडाली 17 जुलै 1947 ला, आणि आजी म्हणते, तेव्हा तिचे पुढचे दात पडले होते. म्हणजे ती सहा-सात वर्षांची होती.

मी ताऱ्यांचे दातच बघते. माझे तारे जोडीने राहणारे, सूर्याच्या निम्म्याहून हलके लाल बटुतारे. एकमेकांभोवती कसे फिरतात त्यावरून वजन कळतं, वय कळत नाही. पण पोटात 25 लाख अंशांच्या आसपास उष्णता झाली की त्यांच्यातलं लिथियम जळायला लागतं, आणि सगळं आत-बाहेर ढवळत असल्यामुळे लवकर संपतं. ताऱ्याचा प्रकाश इंद्रधनुष्यासारखा पसरवून बघायचा; त्यात 670.8 नॅनोमीटरवर, म्हणजे लाल रंगात, लिथियमची रेघ दिसली, की तारा अजून कोवळा.

दुसरी खूण गावाची. नागावकर म्हटलं की गाव कळतं, तशी ताऱ्याची चाल. गाया उपग्रहाने मोजलेल्या चालीवरून मागे मागे जायचं आणि कोण कुणाबरोबर जन्मलं ते शोधायचं. बीटा पिक्टोरिस नावाच्या ताऱ्याचा, एकत्र जन्मलेल्यांचा गट सुमारे 2.4 कोटी वर्षांचा आहे; आपला सूर्य 460 कोटींचा. एखादी जोडी त्या गटातली ठरली की तिचं वयही मिळालं. मात्र चाल योगायोगानेही जुळते, म्हणून दोन्ही खुणा हव्यात.

गेल्या वर्षी मी इथेच फसले. एक जोडी फार जवळून फिरणारी, म्हणून गरागरा गिरक्या घेणारी. अंगावर डाग, ज्वाळा, सगळं तरुणासारखं. मी तरुण धरून चालले. पण लिथियम नाही, चालही कुठल्याच तरुण गटाशी जुळेना. म्हातारीच निघाली ती जोडी. त्यात पाच महिने गेले. बाबा, प्रबंध लांबला तो त्यामुळे, आळसामुळे नाही.

पेणच्या मुलाचा फोटो बघितला. माणूस सरळ वाटतो. मी नाही म्हणत नाहीये, पण ऑक्टोबरपर्यंत थांबायला सांगा. त्यांना थांबायचं नसेल तर तसं मला स्पष्ट कळवा, मला वाईट वाटणार नाही.

काल 45 हजार पाठवलेत. शाकारणीला गडी लावा, बाबांनी छपरावर चढायचं नाही. गेल्या वैशाखात पाय घसरला ते तुम्ही दोघांनी लपवलंत, मला आजीने सांगितलं. त्या दिवशी मी तुम्हाला तासभर ताऱ्यांचं सांगत होते आणि बाबा नुसते हं हं म्हणत होते. दुखत होतं का तेव्हा?

तुमची,
सई