अणुकरारात ‘आधी कोणी’ हाच खरा वाद

महोदय,

इराण असो वा उत्तर कोरिया, अणुवाटाघाटींची बातमी आली की चर्चा लगेच ‘कोण झुकले’ यावर घसरते. करार टिकतो की मोडतो, हे मात्र किलो, टक्के आणि कोणी काय आधी करायचे या क्रमावर ठरते.

२०१५ च्या करारात इराणने निर्बंधमाफीच्या बदल्यात युरेनियम ३.६७ टक्क्यांपर्यंतच समृद्ध करायचे (म्हणजे त्यातल्या कामाच्या अणूंचे प्रमाण तेवढेच वाढवायचे), साठा ३०० किलोच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि नतान्झच्या केंद्रात जुन्या धाटणीचे ५,०६० सेंट्रिफ्यूजच (समृद्ध करणारी फिरती यंत्रे) चालवायचे, असे ठरले. हे आकडे सुटे नव्हते. इराणने करार मोडलाच, तर एका बॉम्बपुरते युरेनियम तयार व्हायला किमान वर्ष लागावे, हे अमेरिकेचे उद्दिष्ट होते; त्यावरून उलटा हिशेब मांडला गेला. त्यामुळे सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी सूट दिली तर साठ्यात तेवढे आवळायचे, अशी देवघेव शक्य झाली. ‘एकही सेंट्रिफ्यूज नको’ या मागणीत अशी देवघेव करायला जागाच नसते.

३.६७ वर एवढी घासाघीस का? नैसर्गिक युरेनियमच्या हजार अणूंत कामाचे, म्हणजे सहज फुटून ऊर्जा देणारे, असतात जेमतेम ७. बाकीचे काढत गेले की ३.६७ टक्क्यांवर एकूण १९० उरतात, २० टक्क्यांवर ३५, ६० टक्क्यांवर १२ आणि शस्त्रासाठी लागणाऱ्या ९० टक्क्यांवर ८. (हिशेब ढोबळ आहे, प्रक्रियेत वाया जाणारे धरलेले नाहीत.) म्हणजे ६० ते ९० ही उडी कागदावर मोठी दिसते, पण काढायचे उरतात चारच अणू. जून २०२५ च्या मध्यास इराणकडे ६० टक्क्यांचे सुमारे ४४० किलो युरेनियम असल्याचा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा अंदाज होता. एवढा साठा समोर असताना २०१५ चाच मसुदा पुन्हा टेबलावर ठेवण्यात अर्थ नाही.

त्या करारातली सर्वांत हुशार तरतूद मतदानाची होती. निर्बंध पुन्हा लादण्याचा ठराव आणला असता, तर रशिया किंवा चीनने नकाराधिकार वापरला असता. म्हणून सुरक्षा परिषदेच्या २२३१ क्रमांकाच्या ठरावात प्रश्नच उलटा केला: इराण करार पाळत नसल्याची तक्रार आल्यापासून ३० दिवसांत ‘सवलत चालू ठेवा’ असा ठराव मंजूर झाला नाही, तर जुने निर्बंध आपोआप लागू. ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने २८ ऑगस्ट २०२५ रोजी ही कळ दाबली. तरतुदीची मुदत १८ ऑक्टोबरला संपत होती, हे लक्षात घेतले की ऑगस्टचीच घाई का झाली ते कळते. सप्टेंबरअखेर निर्बंध परतले. रशिया आणि चीनने ते अमान्य केले, ही गोष्ट वेगळी.

उणीव दुसऱ्या बाजूला राहिली. इराणने अराकच्या अणुभट्टीच्या गाभ्यात काँक्रीट ओतले, बराचसा साठा रशियाला पाठवला. अमेरिकेने दिलेली निर्बंधमाफी मात्र एका सहीने मागे घेता येण्याजोगी होती आणि मे २०१८ मध्ये ती तशीच घेतली गेली. एकाने भिंत पाडायची आणि दुसऱ्याने फक्त दार उघडे ठेवायचे, असा हा सौदा. २०१९ ची ट्रम्प आणि उत्तर कोरियाचे किम जोंग उन यांची हनोई भेट याहून आधीच्या पायरीवर फसली. उत्तर कोरियाचे योंगब्योन अणुकेंद्र बंद करण्याच्या बदल्यात नेमके किती निर्बंध उठणार, हे अधिकारी पातळीवर ठरलेले नसताना दोन्ही नेते समोरासमोर बसले.

हा क्रमाचा धडा आपल्याला तारापूरच्या अणुवीज केंद्राने शिकवला. १९६३ च्या करारानुसार इंधन अमेरिकेनेच पुरवायचे होते. १९७४ ची पोखरण चाचणी आणि १९७८ चा अणुप्रसार रोखणारा अमेरिकी कायदा यांनंतर पुरवठा अडला. अखेर १९८२ मध्ये फ्रान्सकडे जावे लागले. म्हणूनच अमेरिकेशी अणुकराराची बोलणी चालू असताना २००६ मध्ये भारताने २२ पैकी १४ अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली आणायचे मान्य केले, तेव्हा कायमची देखरेख हवी तर इंधनाची हमीही कायमची हवी, अशी सांगड घातली. फास्ट ब्रीडर अणुभट्ट्या (वापरतात त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या) या यादीत येऊ नयेत, असे अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी जाहीरपणे सांगितले होते. घरातला असा उघड विरोध वाटाघाटी करणाऱ्याचा हात बळकट करतो. ‘मी मान्य करेन हो, पण आमचे शास्त्रज्ञ ऐकणार नाहीत’ हे मग खरे वाटते.

पुढे अणुसामग्री पुरवणाऱ्या देशांच्या अणुपुरवठादार गटाची व्यापारसवलत ६ सप्टेंबर २००८ रोजी मिळाली आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेबरोबरच्या देखरेखीच्या करारावर सही झाली ती फेब्रुवारी २००९ मध्ये. आधी पदरात, मग सही. इंधन अडलेच तर भारत ‘सुधारणात्मक उपाय’ करू शकेल, असे त्या कराराच्या प्रास्ताविकात आहे. ते उपाय कोणते, हे कुठेच लिहिलेले नाही. टीकाकारांना ती पळवाट वाटली. माझ्या मते त्या मोघमपणामुळेच मसुदा पुढे सरकला, कारण दिल्ली आणि वॉशिंग्टन दोघांनाही त्याचा आपापल्या सोयीचा अर्थ आपापल्या संसदेत सांगता आला.

– एक वाचक, चेंबूर, मुंबई